डिझेलचा खर्च आणि एका गाडीचा हिशेब (कोल्हापूर परिसरातल्या ट्रकमालकांचा ऑनलाइन धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

दहाचाकी

राम राम मंडळी.

आमची एकच गाडी, दहाचाकी. शिरोली एमआयडीसीत कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) भरायचं आणि तमिळनाडूत होसूरला टाकायचं, हा मुख्य धंदा. वडिलांनी दुसऱ्याच्या गाडीवर वीस वर्षं ड्रायव्हरकी करून ही घेतली. आता वडील घरी असतात, हिशेब मी बघतो आणि स्टेअरिंगवर गेली चौदा वर्षं आमचे मामा आहेत. नात्यातले नाहीत, पण घरात सगळे त्यांना मामाच म्हणतात.

हिशेब सरळ मांडतो. डिझेल ९० रुपये धरू, म्हणजे गुणाकार सोपा पडतो. होसूर इथून साधारण ६५० किलोमीटर. भरलेली गाडी ३.८ चं ॲव्हरेज (लिटरला किलोमीटर) देते, म्हणजे जाताना १७१ लिटर. परत येताना रिकामी असली तर ५.२ देते, म्हणजे १२५ लिटर. एका फेरीला २९६ लिटर, २६,६४० रुपये. महिन्याला पाच फेऱ्या धरल्या तर १,३३,२०० रुपये नुसतं डिझेल. टोल, मामांचा पगार-भत्ता, टायर, इन्शुरन्स आणि फायनान्सचा हप्ता यानंतर सुरू होतात.

त्यातले ११,२५० रुपये दर फेरीला रिकामी गाडी घरी आणण्यात जळतात. परतीचा माल बंगळूरला शोधतो, पण तिथून पुण्या-मुंबईचा मिळतो, कोल्हापूरचा मिळत नाही. हा आकडा वहीत पहिल्यांदा वेगळा लिहिला त्या रात्री मला झोप आली नाही.

डिझेलचा दर आपल्या हातात नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये दर बाजारावर सोडले, जून २०१७ पासून रोज सकाळी बदलू लागले. २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईत डिझेल शंभरीपार गेलं. नंतर केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये उत्पादन शुल्क कमी केलं, जुलै २०२२ मध्ये राज्याने ३ रुपये व्हॅट उतरवला. माझा अनुभव असा की दर उतरला की भाडं कमी करा म्हणून त्याच आठवड्यात फोन येतो, आणि दर चढत होता तेव्हा कोणीही आपणहून फोन केला नव्हता.

तुम्ही लोक काय करताय? कुठे वाचवताय, भाडं कसं ठरवताय? मी काय केलं ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, थोडं मोठं आहे.

दहाचाकी

गेल्या पावसाळ्यानंतर गाडीचं ॲव्हरेज उतरलं. जाऊन-येऊन मिळून ४.४ पडायचं ते ३.९ वर आलं. एका फेरीला ३८ लिटर जास्त. पाच फेऱ्यांचे सतरा हजार.

पहिली शंका मामांवर घेतली. हे लिहिताना आजही वाईट वाटतं, पण खरं ते खरं. रस्त्यात डिझेल काढून विकणारे, घेणारे सगळे असतात, आणि चार लोकांनी कानात सांगितलं की माणूस बघा. मी मामांना थेट काही विचारलं नाही, पण टाकीला जाळी आणि कुलूप बसवून घेतलं. मामा बघत उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या दोन फेऱ्या तेच ॲव्हरेज. मग वडील म्हणाले, "मी जातो गाडीबरोबर." धारवाडच्या पुढे चहाला थांबले तेव्हा ते सवयीने गाडीभोवती फिरले आणि प्रत्येक चाकाजवळ हाताचा पंजा धरून बघितला. मागच्या उजव्या जोडीजवळ हात टिकत नव्हता. परत आल्यावर उचगावला मेस्त्रींकडे चाकं उतरवली. ब्रेकच्या कॅमशाफ्टमध्ये पावसाचं पाणी जाऊन गंज धरला होता, ब्रेक सोडल्यावर लायनर मागे येत नव्हते. म्हणजे गाडी साडेसहाशे किलोमीटर ब्रेक दाबून ओढल्यासारखी चालत होती. तिथे धूर नाही, आवाज नाही, फक्त डिझेल जात होतं आणि ड्रम तापत होता. अजून महिनाभर चाललं असतं तर टायर पेटायची वेळ आली असती.

खर्च चार हजारांच्या आत झाला. ॲव्हरेज ४.४ वर आलं. मी त्याच संध्याकाळी मामांच्या घरी गेलो, त्यांच्या बायकोसमोर हात जोडले आणि टाकीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे दिली. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं गाडी जड चालतीय, पण तुम्ही कुलूप लावल्यावर सांगायला तोंड राहिलं नाही."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. गाडीतलं दुखणं पहिल्यांदा ड्रायव्हरच्या पायाला कळतं. आपण त्याच्यावर संशय घेतला की ती बातमी आपल्यापर्यंत येतच नाही.

तेव्हापासून दर फेरीला टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब आहे. तोच पंप, तेच नोझल, गाडी सपाट जागेवर, पहिल्यांदा नोझल बंद पडलं की थांबायचं. भरताना किती टन माल होता, रस्त्यात किती तास थांबली, कुठे काम चालू होतं, सगळं वहीत. एका फेरीवरून काही कळत नाही, चार फेऱ्या लिहिल्या की गाडी बोलायला लागते.

सांगली फाटा

वाचतोय. मामांचं वाचून गलबलून आलं.

घाटवाट

मी कासार्ड्याची सिलिका वाळू कोल्हापूरच्या फौंड्र्यांना (ओतकामाच्या कारखान्यांना) टाकतो, फोंडा घाटातून. आमचा खर्च घाट चढताना. चढाला गाडी कशी घ्यायची यावरच सगळं अवलंबून आहे. खालूनच योग्य गिअर धरून एका लयीत चढवली तर ठीक. दर वळणाला गिअर बदलत, रेस देत-सोडत गेलात तर टाकीचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

पण मला सांगायचंय ते उताराबद्दल. डिझेल वाचतं म्हणून घाट न्यूट्रलवर उतरवणारी पोरं अजून आहेत. काही तर इंजिन बंद करतात. दादांनो, हे करू नका आणि आपल्या ड्रायव्हरला करू देऊ नका. आपले ब्रेक हवेवर चालतात, इंजिन बंद झालं की हवेचा कॉम्प्रेसर बंद. पुन्हा पुन्हा ब्रेक दाबलात की टाकीतली हवा संपत आली. स्टेअरिंगही जड होतं. आणि आताच्या इंजिनांत वाचतही काही नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन डिझेल सोडणं जवळजवळ बंदच करतं, चाकंच त्याला फिरवत असतात. न्यूट्रलवर उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरवणं हेच स्वस्त.

माझ्या धाकट्या भावाच्या हातात ब्रेक तापून सुटलेली गाडी मी बघितली आहे. डोंगराच्या बाजूला घासत नेली म्हणून वाचला. माल गेला, गाडी गेली, पण पोरगं आहे. त्यानंतर आमच्या चारही गाड्यांच्या काचेवर मी स्वतःच्या हाताने 'उतार गिअरमध्ये' असं रंगवलंय.

कागल नाका

मी एक प्रश्न विचारतो. आमच्याकडं सगळे पहिल्यापासून निपाणीत टाकी फुल करत आले. कर्नाटकात स्वस्त म्हणून. अजून परवडतं का? की नुसती सवय राहिलीय?

दहाचाकी

सवयच जास्त. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये डिझेल ३ रुपयांनी महाग केलं, एप्रिल २०२५ मध्ये आणखी २ रुपयांनी. आधी जो चांगला फरक होता तो बराच आटला. होसूरला जाणारी गाडी तिकडूनच जाते, त्यामुळे मी त्या दिवशीचे दोन्हीकडचे दर मोबाईलवर बघतो आणि जिकडे कमी तिकडे भरतो.

पण मुद्दाम तिकडे जाऊ नका. कोल्हापुरातून सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरा, रिकाम्या गाडीला दहा लिटर लागलं, ९०० रुपये. २५० लिटरची टाकी भरली आणि लिटरला २ रुपये वाचले तर ५०० झाले. ४०० चा तोटा आणि दोन तास गेले ते वेगळेच.

उचगावचा मेस्त्री

मी गाड्या दुरुस्त करतो, मालक नाही. तरी बोलतो.

आमच्याकडं गाडी येते ती बंद पडल्यावर. ॲव्हरेज उतरलं म्हणून आणणारे शंभरात दोन. एअर फिल्टर झाडून झाडून चार महिने जास्त वापरतात. फौंड्रीच्या भागात हवेतच बारीक काळी धूळ असते, तिथल्या गाड्यांचा फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बदला. काळा धूर दिसला म्हणजे न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय, तुमचे पैसे धुरातून जातायत.

टायरची हवा गाडी थंड असताना, गेज लावून. हातोडी मारून आवाजावर हवा ओळखणारे जुने लोक मी बघितलेत, त्यांचा आदर आहे, पण दहा पौंड कमी असेल तर हातोडीला कळत नाही, डिझेलला कळतं. जोडचाकातल्या आतल्या टायरकडे तर कोणी वाकून बघत नाही. आणि चाकांचं अलाइनमेंट. पुढचा टायर एका कडेने झिजतोय म्हणजे गाडी सरळ चालत नाही, थोडी घासत चाललीय.

दुसरं, स्वस्तातलं 'बायोडिझेल' म्हणून रस्त्याकडेला टाकीतून विकतात ते टाकू नका. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाडीचे इंजेक्टर एकदा गेले की लिटरमागे वाचवलेले वर्षाचे पैसे एका बिलात जातात. एका गाडीचे सहाच्या सहा इंजेक्टर मी काढले, मालक इथेच बाकावर बसून रडला. आणि बीएस-६ मध्ये धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण लागतं, त्याच्या टाकीत पाणी मिसळणारेही आहेत. सेन्सर ओळखतो, गाडीची ताकद कमी करतो, मग भर रस्त्यात उभे.

शिरोलीकर

मेस्त्री, लाख मोलाचं बोललात. पंपाबद्दल एक भर घालतो. मापाची शंका आली तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवावंच लागतं, ते मागून आपल्यासमोर मोजून घेता येतं. भांडायची गरज नाही, नुसतं शांतपणे मागायचं. मी दोनदा मागितलं, एकदा बरोबर निघालं, एकदा माप सापडेना. तो पंप मी सोडला.

हिशेबवही

मी आमच्या दोन गाड्यांचे हिशेब बघते. मिस्टर स्वतः एक गाडी चालवतात, दुसरीवर दीर. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमचं डिझेलने जेवढं नुकसान केलं त्याहून जास्त उधारीने केलं.

डिझेल रोख. टोल तर फास्टॅगमधून त्याच क्षणी जातो. आणि भाडं? एका कारखान्याने आमचं बिल ७५ दिवस ठेवलं. तोपर्यंत पंपावर उधारी, पंपवाला त्याचा दर लिटरमागे वाढवून लावणार, शिवाय सोनं ठेवून काढलेले पैसे. माझ्या बांगड्या होत्या त्या. मला बांगड्यांचं दुःख नाही, पण आपण घाम गाळून केलेल्या कामाचे पैसे मागायला दुसऱ्याच्या ऑफिसबाहेर तीन-तीन तास बसायचं, हे मला सहन होईना.

मग एका नात्यातल्या सीए मुलीने सांगितलं म्हणून उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली. फुकट आहे, ऑनलाइन होते, एजंटला पैसे देऊ नका. ट्रान्सपोर्ट ही सेवा आहे, त्यामुळे आपण सूक्ष्म उद्योगात बसतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून मार्च जवळ आला की त्यांच्याच अकाउंटंटला आपली आठवण होते.

आता प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापते आणि खाली मुदतीची एक ओळ. भांडण एकदाही झालं नाही. ७५ चे ४० दिवस झाले.

दहा किंवा त्याहून कमी गाड्या असतील तर पॅन आणि तसं लेखी दिलं की भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापायचा नसतो, हेही सांगून ठेवते. आमचा दोन वर्षं उगाच कापला जात होता.

दहाचाकी

ताई, हे सगळं एका कागदावर लिहून भिंतीला लावलं. मनापासून आभार.

पंचगंगाकाठ

सगळं खरं आहे, पण मूळ दुखणं वेगळं आहे. डिझेल जीएसटीत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला जीएसटी परिषद झाली तेव्हा विषय निघाला आणि तिथेच राहिला. आपल्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग डिझेल, आणि त्यावर भरलेल्या कराची वजावट कुठेच मिळत नाही. यावर संघटनेनेच बोललं पाहिजे. वाराईच्या (माल भरण्या-उतरवण्याच्या हमालीच्या) बाबतीत 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून आपण सगळे एकत्र उभे राहिलो, तसं भाड्याच्या बाबतीत का उभे राहत नाही? एकाने दर नाकारला की दुसरा हजार रुपये कमी घेऊन गाडी लावतो. तो दुसरा काही वाईट माणूस नसतो, त्याचा हप्ता ५ तारखेला असतो. पण आपण सगळे मिळून खाली जातो.

आणि कमी भाडं भरून काढायला जास्तीचा माल भरणारे. २०१८ मध्ये दहाचाकीची एकूण मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली. त्यावर भरलं तर २०,००० दंड आणि पुढच्या प्रत्येक टनाला २,०००. डिझेल जास्त, स्प्रिंगचे पाटे जातात, टायर जातात, रस्ता जातो. ओव्हरलोड माल स्वस्तात नेणारा बाकीच्यांचं भाडं पाडतो.

फौंड्रीवाला

मी दुसऱ्या बाजूचा. शिरोलीत छोटी फौंड्री आहे. राग मानू नका, पण आमच्या बाजूनेही ऐका.

आमचं कास्टिंग ज्या मोठ्या कंपन्यांना जातं त्या आमच्या दरातही पैशापैशाला भांडतात. वीज वाढली, कोक (भट्टीचा कोळसा) वाढला. पण एक गोष्ट आहे. पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि भंगाराचे दर बदलले की आमचा दर ठरलेल्या सूत्राने बदलतो, साधारण तिमाहीला. वर गेले तर वर, खाली आले तर खाली. त्यासाठी आम्ही दरवेळी जाऊन विनवण्या करत नाही, ते ऑर्डरमध्येच लिहिलेलं असतं.

धागा वाचताना मला वाटलं, हेच सूत्र मी माझ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना का दिलं नाही? कोणी मागितलं नाही हे खरं. ते येतात आणि म्हणतात, "साहेब, डिझेल वाढलंय, थोडं बघा." 'थोडं बघा' याचं मी काय करू? मला आकडा द्या. किती किलोमीटर, किती लिटर, कोणत्या तारखेचा दर. आकडा दिला तर मी तो पुढे माझ्या ग्राहकाला दाखवू शकतो.

दहाचाकी

फौंड्रीवाला दादा, तुमच्या प्रतिसादाने माझा आठवडा गेला. रोज रात्री कागद घेऊन बसलो. असं सूत्र केलं:

करार करताना त्या दिवशीचा कोल्हापूरचा डिझेलचा दर लिहायचा. फेरीचे १,३०० किलोमीटर, ॲव्हरेज ४.४, म्हणजे २९५ लिटर. दर १ रुपयाने हलला की फेरीचं भाडं २९५ रुपयांनी हलणार, त्याच दिशेने. महिन्याच्या १ तारखेचा दर धरायचा म्हणजे रोजची कटकट नाही. दर उतरला तर मी स्वतः कमी करून बिल पाठवणार.

हे शेवटचं वाक्य वडिलांना पटत नव्हतं. पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उतरलेला दर आपण आपणहून सोडला की चढलेला दर मागताना मान खाली घालावी लागत नाही.

वहीतल्या गेल्या वीस फेऱ्यांच्या नोंदी झेरॉक्स करून सोबत जोडल्या. ज्यांचं कास्टिंग नेतो त्या तिघांना पत्र दिलं. एकाने लगेच सही केली. एक म्हणाले विचार करून सांगतो. तिसऱ्यांनी सांगितलं की दुसऱ्या गाड्या खूप आहेत. त्यांचा माल मी थांबवला. महिन्याची एक फेरी गेली. घरात थोडी चिंता आहे, नाही म्हणत नाही. पण त्या फेरीचा हिशेब पुन्हा पुन्हा केला, तिच्यात डिझेल आणि टोल सोडून हातात काही राहतच नव्हतं.

मक्याची गाडी

दादा, परतीच्या भाड्याचं मी सांगू का? तुम्ही बंगळूरला माल शोधता, तिथून पुण्या-मुंबईचा मिळतो, कोल्हापूरचा मिळत नाही, म्हणून रिकामी आणता. बंगळूर सोडा. दावणगेरे, राणेबेन्नूर, हावेरी हा मक्याचा पट्टा आहे आणि सगळा तुमच्या वाटेवर. दिवाळीच्या आसपासपासून पुढे तीन-चार महिने तिथून सांगली-कोल्हापूरच्या पशुखाद्य कारखान्यांना मका येतो. होसूरपासून दावणगेरे तीनशे किलोमीटर रिकामी चालवा, पुढचे साडेतीनशे भरून. भाडं फार नसतं, पण रिकामीचं डिझेल आणि टोल निघून वर उरतं.

अट एकच. कास्टिंगची गाडी नीट झाडून घ्या, तेल-ग्रीस लागलेलं असलं तर मका घेत नाहीत. आणि ताडपत्री दोन चांगल्या लागतात.

घाटवाट

ताडपत्रीवरून आठवलं. रिकाम्या गाडीवर ताडपत्री सैल फडफडत ठेवू नका, घडी करून बांधा. हवेला अडते. आणि ऐंशीने पळवण्यापेक्षा साठ-पासष्टने सलग चालवा, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. होसूरला दोन-अडीच तास उशीर होईल, पण टाकीत दिसेल.

दहाचाकी

मामांना हे आधीपासून माहीत आहे. वेळेत पोचवा म्हणून घाई आम्हीच करायचो. आता एक पद्धत लावली आहे. ४.४ च्या वर जितकं डिझेल वाचेल त्याचे निम्मे पैसे त्यांचे, पगाराच्या दिवशी वेगळ्या पाकिटात. गेल्या महिन्यात ४.६ पडलं. पाच फेऱ्यांत सुमारे ६४ लिटर वाचलं, म्हणजे ५,७६० रुपये. २,८८० मामांच्या हातात दिले. त्यांनी वहीत स्वतः सही केली आणि मागची पानं उलटून बघितली, कोणत्या फेरीला किती पडलं ते.

मक्याच्या गाडीवाल्या दादांना व्यनि (खाजगी निरोप) केलाय. मामा परवा रात्री शिरोलीतून भरून निघतायत, शनिवारी होसूरला खाली होतील. रविवारी सकाळी दावणगेऱ्यात माल मिळणार असेल तर कळवा, ताडपत्र्या दोन आहेत, गाडी झाडून घेतो.

मक्याची गाडी

मिळेल. एपीएमसीच्या (बाजार समितीच्या) गेटवर थांबायला सांगा, माझा माणूस येईल. रिकाम्या गाडीचं वजन भरायच्या आधी करून घ्या.